पाण्याशिवाय स्मोकर: कोकणच्या हवेत कोळशाचा स्मोकर कोरडा कसा चालवायचा

अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत होमस्टेच्या परसात आता कोळशाचे उभे स्मोकर, म्हणजे मंद आचेवर धुरात मांस-मासे शिजवायची पिंपं, दिसू लागले आहेत. तळाला निखारे, मधे पाण्याचं भांडं, वर जाळीवर खाणं आणि त्यावर झाकण, अशी त्यांची रचना. काही विकत आणलेले असतात, बरेचसे फॅब्रिकेशनवाल्याकडून ड्रम कापून करून घेतलेले. आणि मधल्या पाण्याच्या भांड्याला बहुतेक जण लवकरच कंटाळतात. चार लिटर पाणी भरा, दर दोन-तीन तासांनी वाढवा, शेवटी तेलकट वासाचं पाणी कुठे ओतायचं ते शोधा. मग एक दिवस भांडंच उचलून बाजूला ठेवलं जातं, कोळसा नेहमीसारखा पेटवला जातो, आणि तासाभरात कोंबडी वरून काळी आणि हाडापाशी लाल निघते.

कोरडा स्मोकर उत्तम चालतो. कोळसा कमी लागतो, कोंबडीची साल कुरकुरीत होते, तेलकट पाण्याची कटकट जाते. पण त्यासाठी पाणी काढायचं असतं, भांडं काढायचं नसतं. पाण्याकडे जी कामं होती ती दुसऱ्या कुणाकडे तरी सोपवावी लागतात, आणि तीही स्मोकर पेटवण्याआधी.

आधी समजून घ्या: ते पाणी काय करत होतं

पाणी १०० अंशांच्या पुढे तापत नाही. खाली विस्तव कितीही भडकला तरी जास्तीची धग वाफ करण्यात खर्च होते. म्हणजे पाणी हा स्मोकरचा ब्रेक आहे. हवेच्या झडपा ढिल्या असोत, दार वाकडं असो, कोळसा जास्त पेटलेला असो, पाणी हे सगळं सांभाळून घेतं. पाणी काढलं की या चुका एकदम उघड्या पडतात.

दुसरं काम आडोशाचं. निखारे आणि खाणं यांच्यामध्ये भांडं असतं म्हणून धग थेट लागत नाही, कडेने वर जाते आणि झाकणाखाली फिरते. तिसरं काम चरबी झेलण्याचं. चरबी निखाऱ्यावर पडली की ज्वाळ उठते आणि कडवट धूर होतो.

ही कामं फुकट होत नव्हती. चार लिटर पाण्याची पूर्ण वाफ करायला जवळपास साडेतीनशे ग्रॅम चांगला कोळसा जळतो. तेवढा कोळसा तुम्ही खाण्यासाठी नाही, वाफेसाठी जाळत होता.

राहिला ओलावा. "आपल्याकडे हवा मुळातच दमट, आणखी वाफ कशाला," असं कोकणात हमखास ऐकायला मिळतं. निष्कर्ष बरोबर आहे, कारण चूक. ३० अंशांची ८५ टक्के आर्द्रतेची हवा स्मोकरमध्ये जाऊन ११० अंशांना तापली की तिची आर्द्रता जेमतेम अडीच टक्क्यांवर येते. बाहेर मुसळधार पाऊस असला तरी आतली हवा कोरडीच असते. मासा किंवा मांस रसरशीत राहतं ते तीन गोष्टींमुळे: आधी मिठाच्या पाण्यात मुरवणं, आच मंद ठेवणं आणि वेळेवर बाहेर काढणं. हे जमलं तर पाण्याची उणीव भासत नाही. दमट हवेच्या भरवशावर राहिलात तर सुरमईचा भुगा होईल.

कुणी पाणी काढू नये: पत्रा इतका पातळ आहे की हाताने दाबल्यावर दबतो, झाकण डुगडुगतं, खालच्या झडपा गंजून अर्ध्या उघड्याच अडकल्या आहेत, अशा स्मोकरमध्ये पाणी राहू द्या. आधी तो दुरुस्त करा.

तयारी: काय जमवायचं

पाण्याऐवजी भांड्यात ठेवायची मुख्य वस्तू म्हणजे मातीचं खापर. आठवडी बाजारात कुंभाराकडे भाकरीचा किंवा खापरोळीचा मातीचा तवा मिळतो. तो चुलीवर ठेवण्यासाठीच भाजलेला असतो, त्यामुळे धग सोसतो. तो नाही मिळाला तर मोठ्या कुंडीखाली ठेवायची भाजक्या मातीची बशी चालेल, मात्र रंग किंवा चकाकी लावलेली नको. भांड्याचा व्यास मोजूनच बाजारात जा. खापर भांड्याच्या आत बसायला हवं, काठावर चढायला नको.

याशिवाय अॅल्युमिनियमची जाड फॉइल, खापराचे तीन सारख्या जाडीचे तुकडे, दारासाठी फायबर ग्लासची दोरी, ती चिकटवायला जास्त उष्णता सोसणारा सिलिकॉन आणि तार असलेला एक डिजिटल थर्मामीटर. जाळीही एक जादा हवी, ती कशासाठी ते पुढे येईल.

आडोशासाठी लोक काय काय ठेवतात ते बघून खरंच काळजी वाटते. म्हणून हे आधीच सांगतो:

- नदीतले गोटे ठेवू नका. आत मुरलेलं पाणी तापून दगड फुटतो आणि कपचे उडतात.
- जांभ्याचा तुकडाही नको. जांभा सच्छिद्र असतो, पावसाळ्यात पाणी पिऊन बसतो.
- किनाऱ्यावरची वाळू नको. तिच्यात मीठ आणि शिंपल्यांचा चुरा असतो. मीठ पत्रा खातं आणि ओलसर वाळू तापली की तडतडते.
- जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा, नट, जाळी यातलं काहीही विस्तवाजवळ नको. फार तापल्यावर त्याचा धूर विषारी असतो. फॅब्रिकेशनवाल्याला हे स्पष्ट सांगा, कारण त्याच्याकडे पडलेला तुकडा बहुधा तोच असतो.
- दारासाठी कुणी अॅस्बेस्टॉसची दोरी देऊ केली तर घेऊ नका. दिसायला फायबर ग्लाससारखीच असते, म्हणून विचारून घ्या.

ड्रमचा स्मोकर असेल तर त्यात आधी काय भरलेलं होतं ते माहीत असायला हवं. रसायनाचा ड्रम असेल किंवा नक्की सांगता येत नसेल, तर त्यात अन्न शिजवू नका. कितीही जाळून काढला तरी नको.

टप्पा १: फटी शोधा आणि बुजवा

इथे घाई करू नका. पुढच्या सगळ्या टप्प्यांचं यश यावर आहे.

रात्री अंगणातला दिवा बंद करा, स्मोकरच्या आत मोठी बॅटरी लावून ठेवा, झाकण आणि दार बंद करा, झडपा मिटवा. आता चहूबाजूंनी फिरून बघा. जिथून उजेड दिसतो तिथून हवा जाते. खडूने खुणा करा. बहुतेक स्मोकरमध्ये तीनच जागा सापडतात: बाजूच्या दाराची कड, मधला पिंप आणि खालचा भाग यांचा सांधा, आणि झडपेची पाती.

दार सपाट पत्र्याचं आणि पिंप गोल, म्हणून कोपऱ्यात फट राहते. दार काढून गुडघ्यावर धरा आणि पिंपाच्या गोलाईला जुळेल असं हळूहळू वाकवा. थोडं वाकवा, लावून बघा, पुन्हा थोडं वाकवा. हातोडा मारू नका, पत्र्याला पोचा पडला की ती फट कायमची. बसेल तेवढं बसलं की मगच दाराच्या चौकटीला दोरी लावा. दोरी लावून वाकडं दार सरळ होत नाही.

सांधा मात्र दोरीने कायमचा चिकटवू नका. राख काढायला तो भाग दर वेळी उघडावा लागतो. तिथे गोलाई नीट करणं पुरे. वापरात धुराचा चिकट थर बसतो आणि बारीक फटी आपोआप बुजतात.

झडपेचं रिव्हेट ढिलं असेल तर नवीन मारून घ्या. झडप फिरवल्यावर आहे तिथे थांबली पाहिजे. मग झडपेशेजारी पाव, अर्धा आणि पूर्ण अशा तीन खुणा कोरून ठेवा. पेनाच्या खुणा पहिल्याच वेळी जळून जातात.

*तपासा:* पुन्हा बॅटरी लावून बघा. केसाएवढी रेघ चालेल. दारातून बोटाच्या जाडीचा उजेड येत असेल तर पुढच्या टप्प्याला जाऊ नका.

टप्पा २: खापराचा आडोसा बसवा

नवं खापर दोन दिवस कडक उन्हात वाळवा. पावसाळा असेल तर चुलीशेजारी ठेवा. मग मंद आचेवर अर्धा तास तापवून तिथेच निवू द्या. ओलं खापर एकदम तापलं की तडकतं, बहुतेक वेळा नेमकं खाणं वर ठेवल्यावर.

आता क्रम लक्षात ठेवा, कारण उलटसुलट झाला तर चरबी जळते.

पाण्याचं भांडं नेहमीच्या जागी रिकामं बसवा. त्याच्या तळाला खापराचे तीन तुकडे तिवईसारखे ठेवा. त्यावर मोठं खापर. भांड्याचा तळ आणि खापर यांच्यात बोटभर पोकळी राहिली पाहिजे. भांड्याचा तळ निखाऱ्यांसमोर असतो, तो भयंकर तापतो. खापर त्याला टेकलं तर तेही तितकंच तापतं आणि वरून पडणारा चरबीचा थेंब चर्रकन जळतो. मधल्या हवेमुळे खापराचा वरचा भाग पुष्कळ कमी तापतो.

शेवटी फॉइलचे दोन थर भांड्याच्या काठावरून सैल ताणा आणि मधे किंचित खोलगट करा, म्हणजे चरबी तिथे साठेल. फॉइल खापराला चिकटवू नका, इथेही पोकळी हवी. कड भांड्याच्या काठाखाली दुमडा, बाहेर लोंबू देऊ नका.

आडोसा पिंपाच्या कडेपर्यंत नेऊ नका. धग आणि धूर कडेनेच वर जातात. विकतच्या स्मोकरमध्ये ही जागा मापानेच सोडलेली असते. ड्रममध्ये ती तुम्हाला सोडावी लागेल: साधारण ५७ सेंटिमीटर व्यासाच्या ड्रमला ४५ ते ४७ सेंटिमीटरचा आडोसा ठेवा, म्हणजे चहूकडून पाच सेंटिमीटर जागा राहते. जास्त झाकलंत तर विस्तव गुदमरतो. कमी झाकलंत तर जाळीच्या कडेचे तुकडे करपतात.

*सावधान:* आडोसा तापलेला असताना त्यात पाणी कधीही ओतू नका. "जरा तापमान उतरवावं" म्हणून लोक हेच करतात. वाफेचा लोट थेट चेहऱ्यावर येतो आणि खापर फुटतं.

टप्पा ३: थर्मामीटर खऱ्या जागी लावा

झाकणावरचा काटा झाकणाचं तापमान सांगतो, खाणं जाळीवर असतं. दोन्हींत दहा-वीस अंशांचा फरक सहज पडतो. डिजिटल थर्मामीटरची सळई वरच्या जाळीवर, कडेपासून चार बोटं आत बांधा. मांसाला किंवा जाळीला ती टेकू नये.

आधी तो उकळत्या पाण्यात बुडवून बघा. आपण समुद्रसपाटीला आहोत, त्यामुळे आकडा १००च यायला हवा. ९६ दाखवत असेल तर पुढे नेहमी चार अंश मिळवा.

टप्पा ४: जागा आणि वेळ ठरवा

पाणी असताना वाऱ्याचा त्रास फारसा कळत नाही. कोरड्या स्मोकरला वारा म्हणजे कुणीतरी सतत फुंकणी मारत असल्यासारखं.

किनाऱ्यावर सकाळ सरत आली की समुद्रावरून खारे वारे सुरू होतात आणि दुपारी जोर धरतात. रात्री जमिनीवरून मतलई वारे वाहतात. या दोन्हींच्या मधे, पहाटेपासून सकाळी नऊ-दहापर्यंत, हवा बऱ्यापैकी पडलेली असते. विस्तव स्थिर करायचं काम त्या वेळात उरका. दुपारी दोनला समुद्राकडच्या अंगणात स्मोकर पेटवून मग "तापमान आवरत नाही" म्हणणं बरोबर नाही.

स्मोकर घराच्या पूर्वेला, भिंतीपासून दोन हात दूर ठेवा. खालच्या तीन झडपांपैकी पश्चिमेकडची पूर्ण मिटवा आणि उरलेल्या दोनच वापरा. माडाखाली ठेवू नका, झावळ किंवा नारळ कधी पडेल सांगता येत नाही. गवताची गंजी आणि सुकलेली चुडतं लांब हवीत. पडवीत किंवा बंद शेडमध्ये तर मुळीच नको. धुमसणाऱ्या कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नसतो, आणि तो जीव घेतो. पाऊस आला म्हणून पेटता स्मोकर पडवीत ओढून घेऊ नका. तो बाहेरच राहू दे, झाकणाच्या झडपेवर तिरपा पत्रा धरा.

टप्पा ५: कोळसा आणि लाकूड

किनाऱ्यावरचा कोळसा ओला असतो. दिसायला कोरडा, पण पोत्यात राहून त्याने हवेतलं पाणी ओढलेलं असतं. असा कोळसा पेटायला वेळ लावतो, पांढरा दाट धूर सोडतो आणि तापमान रेंगाळतं. म्हणून लोक झडपा पूर्ण उघडतात, मग कोळसा वाळतो, आणि सगळा एकदम भडकतो. पाण्याशिवायच्या स्मोकरमध्ये तापमान हाताबाहेर जाण्याची ही सर्वांत मोठी वाट आहे. कोळसा दोन उन्हं दाखवून घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. दोन तुकडे एकमेकांवर आपटून बघा: कोरडा कोळसा खणखणतो, ओला बद्द वाजतो.

करवंटीचा कोळसा आपल्याकडे सहज मिळतो. त्याची धग मोठी आणि टिकणारी, पण तुकडे चपटे. एकावर एक बसून ते हवा अडवतात आणि जाळीतून खाली गळतात. नुसता तोच वापरू नका. दोन भाग लाकडी कोळसा आणि एक भाग करवंटीचा, असं मिसळा. कोळशाच्या जाळीवर दुसरी जाळी काटकोनात टाका, म्हणजे चौकोन बारीक होतात आणि गळती थांबते. जादा जाळी आणायला सांगितली ती यासाठी.

धुरासाठी पेरू, जांभूळ किंवा चिकूचं वाळलेलं लाकूड घ्या, मनगटाएवढ्या जाडीचे तीन-चार तुकडे पुरतात. डहाणू-घोलवडकडे चिकूची छाटणी मिळते, ती फार चांगली. आंब्याच्या बागेतली छाटणी नुकत्या फवारणीची असेल तर घेऊ नका.

काजूची टरफलं घालू नका, त्यातल्या तेलाने कातडी भाजते आणि त्याचा धूर घशाला, डोळ्यांना झोंबतो. किनाऱ्याला लागलेलं वाहतं लाकूड आणि जुन्या होडीच्या फळ्याही नकोत. एकात मीठ मुरलेलं असतं, दुसरीवर रंग. दोन्हींचा धूर अन्नाला लागता कामा नये.

टप्पा ६: पेटवण

पाणी असताना सगळा कोळसा पेटवून ओतला तरी निभावतं. इथे नाही. इथे न पेटलेला कोळसा भरपूर आणि पेटलेला थोडा, असं गणित आहे.

१. खालच्या भागात साधारण तीन किलो न पेटलेला कोळसा पसरा. मधे ओंजळभर खळगा करा. लाकडाचे तुकडे कोळशात अर्धे पुरा, मधे एक आणि बाकीचे कडेकडेने.

२. दोन ओंजळी कोळसा बाहेर शेगडीत पेटवा. पेटवायला नारळाची सोडणं उत्तम, पण ती शेगडीतच. सोडणाचा धूर दाट आणि कडवट असतो, तो स्मोकरमध्ये नको. रॉकेल तर अजिबात नको, त्याचा वास शेवटपर्यंत जात नाही.

३. निखाऱ्यांवर राखेची पांढरी साय आली की चिमट्याने ते खळग्यात ठेवा. ओतू नका.

४. आडोसा, जाळ्या आणि झाकण बसवा. वरची झडप पूर्ण उघडा आणि शेवटपर्यंत तशीच राहू द्या. खालच्या दोन झडपा पूर्ण उघड्या.

५. आकडा ८५-९० वर आला की खालच्या झडपा पाव करा. ११० येईपर्यंत थांबू नका. चढतानाच अडवायचं असतं. पाणी नसल्यामुळे चढलेलं तापमान खाली आणायला अर्धा-पाऊण तास जातो.

६. झडप हलवली की पंधरा मिनिटं तिला पुन्हा हात लावू नका. बदल जाळीपर्यंत पोचायला तेवढा वेळ लागतोच. दर पाच मिनिटांनी झडप हलवणाऱ्याचं तापमान कधीच स्थिर होत नाही.

सुरुवातीला पांढरा, लोळ उठणारा धूर येईल. त्या धुरात खाणं ठेवू नका. थोड्या वेळाने धूर विरळ होतो, निळसर दिसतो, झडपेवर हात धरला तर नुसती ऊब लागते आणि हाताला वास गोडसर येतो. मग ठेवा.

*तपासा:* अर्धा तास आकडा १०५ ते १२० च्या मधे राहिला का? राहिला तर विस्तव बसला. १३५ कडे सरकत असेल तर खालची आणखी एक झडप पूर्ण मिटवा. तरीही चढत असेल तर कुठेतरी फट आहे, टप्पा १ कडे परत जा.

*सावधान:* तापमान उतरवायला वरची झडप बंद करू नका. धूर आत कोंडतो, खाण्यावर काळा कडू थर बसतो, जिभेला बधिरपणा येतो. हवा अडवायची ती खालून.

टप्पा ७: पहिली भट्टी रिकामी

हा टप्पा सगळे गाळतात. नवा किंवा घासून चकचकीत केलेला स्मोकर पहिल्या एक-दोन वेळा जास्त तापतो, कारण आतला थर बसलेला नसतो. खाणं न ठेवता चार तास चालवा. कोणत्या झडपेला किती तापमान येतं ते कागदावर लिहून ठेवा. प्रत्येक स्मोकरचा हा हिशेब वेगळा असतो, शेजाऱ्याचा तुमच्या कामी येत नाही.

टप्पा ८: खाणं ठेवणं

सुरुवात कोंबडीच्या तंगड्यांनी करा. त्या चूक सोसतात. कोरड्या स्मोकरचा खरा फायदाही इथेच दिसतो: खालच्या झडपा अर्ध्या उघडून १५० ते १६० अंशांवर नेता येतं आणि साल रबरासारखी न राहता कुरकुरीत होते. पाणी भरलेल्या स्मोकरला ही मजल गाठणं फार कठीण. हाडाशेजारी, पण हाडाला न टेकवता सळई खुपसा. ७४ अंश आल्याशिवाय काढू नका. रस स्वच्छ दिसतो म्हणून शिजलं असं धरू नका.

बांगडा आणि सुरमई ११० अंशांवर. लिटरभर पाण्यात ६० ग्रॅम मीठ विरघळवून मासा अर्धा तास बुडवा, काढून पुसा आणि जाळीवर पंख्याखाली ठेवा. आपल्या हवेत तो नुसता ठेवून वाळत नाही, पंखा हवाच. तासाभराने बोट लावून बघा: पाणी लागता कामा नये, बोट किंचित चिकटलं पाहिजे. याच चिकट थरावर धुराचा रंग धरतो. ओला मासा ठेवलात तर त्यावर काळे ओघळ येतात. मध्यम बांगड्याला पाऊण ते एक तास लागतो. जाड भागात ६३ अंश झाले की लगेच काढा. पाण्याशिवायच्या स्मोकरमध्ये माशाला दहा मिनिटंही जास्त सोसत नाहीत.

मासा घेतानाच जपा. बांगडा, सुरमई, कुपा हे मासे बर्फाशिवाय राहिले की त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं, आणि ते शिजवून किंवा धुरी देऊन जात नाही. खाल्ल्यावर तोंड लाल होणं, अंगावर गांधी, डोकेदुखी हा त्याचाच त्रास. बंदरापासून घरापर्यंत बर्फ हवा. जून-जुलैच्या बंदीकाळात बाजारात साठवणीचा आणि लांबून आलेला मासा जास्त असतो, तेव्हा खात्री नसेल तर कोंबडीच करा.

हेही स्पष्ट असू द्या की या पद्धतीने धुरी दिलेला मासा म्हणजे सुकट नव्हे. तो टिकत नाही. दोन तासांत खा किंवा फ्रिजमध्ये ठेवा.

झाकण दर वेळी उघडलं की विस्तवाला मोठा श्वास मिळतो. पाणी असताना ते चालून जात होतं, आता दोन मिनिटं झाकण उघडं राहिलं तर पुढची वीस मिनिटं आकडा चढत राहतो. लावायचं, उलटायचं, मोजायचं सगळं हाताशी घ्या, मग उघडा. उघडण्याआधी खालच्या झडपा मिटवल्या तर आणखी चांगलं.

तापमान हाताबाहेर गेलं तर

झाकण उघडू नका. खालच्या सगळ्या झडपा मिटवा, वरची उघडी ठेवा आणि वीस मिनिटं थांबा. उतरायला लागलं की एकच झडप पाव उघडा. चरबी पेटल्याचा वास आला, म्हणजे झणझणीत आणि काळ्या धुराचा, तर मात्र वरची झडपही मिटवा. तेवढ्यापुरती आग विझणं महत्त्वाचं. ज्वाळ शांत झाल्यावर जाडसर हातमोजे घालून झाकण बाजूने उचला, तोंडासमोरून नको. पाणी मारू नका.

उलट आकडा ९० च्या वर चढतच नसेल, तर पहिला संशय राखेवर घ्या. जाळीखाली राख साठून झडपा बुजतात. बाजूच्या दारातून लांब सळईने कोळसा हलकेच हलवा. तरी चढत नसेल तर कोळसा ओला आहे.

टप्पा ९: विझवणं आणि साफसफाई

काम झालं की वरची आणि खालच्या सगळ्या झडपा मिटवा. फटी नीट बुजवलेल्या असतील तर विस्तव हवेअभावी विझतो आणि अर्धा कोळसा पुढच्या वेळेला उरतो. हीच टप्पा १ ची शेवटची परीक्षा: सकाळी कोळशाच्या जागी नुसती राख मिळाली तर हवा अजून जाते आहे.

राख दुसऱ्या दिवशी, पूर्ण निवल्यावरच काढा, पण काढाच. राख खारी असते, दमट हवेतलं पाणी ओढते आणि तळाचा पत्रा खाऊन टाकते. किनाऱ्यावर स्मोकर मरतो तो बहुतेक याच कारणाने. कढत राख माडाच्या आळ्यात किंवा पालापाचोळ्यावर टाकू नका, पत्र्याच्या बादलीत झाकून ठेवा.

फॉइल दर वेळी नवी. चरबी साठलेली फॉइल पुन्हा वापरली की पुढच्या वेळी तीच पेटते. तिचा बोळा करून बंद कचऱ्यात टाका, नाहीतर रात्री कुत्री ओढून नेतात. खापर साबणाने धुऊ नका, माती साबण पिते. खरवडून कोरड्या फडक्याने पुसा. तडा गेलेलं खापर बदला.

जाळ्या घासून खाण्याच्या तेलाचा हात फिरवा. आतला काळा थर घासू नका, फक्त पापुद्रे सुटलेले असतील तेवढे खरवडा. मे संपायच्या आत झडपांची रिव्हेटं तपासून घ्या, पावसात ती जाम झाली की मोडावीच लागतात. जून ते सप्टेंबर स्मोकर वापरणार नसाल तर भाग सुटे करून कोरड्या जागी ठेवा. प्लॅस्टिकच्या आच्छादनाखाली बाहेर ठेवू नका, आत घाम धरतो आणि उघड्यावर लागला असता त्यापेक्षा लवकर गंज लागतो.